ओढीची जागा

बेंदराच्या आदल्या दिवशी आमच्याकडं खांदेमळण असते. वर्षभर जू पेललेले बैलांचे खांदे कोमट पाण्यानं शेकायचे, तूप-हळद लावून चोळायचे. घट्टा कुठं पडलाय, कातडं कुठं सोललंय, दाबल्यावर बैल कुठं अंग चोरतो, हे त्या संध्याकाळी बोटांना आपोआप कळतं. शिरोळ तालुक्यात आता बैल थोड्याच दारांत उरलेत. ऊस ट्रॅक्टर ओढतो. दसऱ्याला त्याला हार घालतात, बॉनेटवर हळद-कुंकू लावतात. पण ट्रॅक्टर आणि ट्रॉली जिथं एकमेकांना धरतात, त्या जागेवरून हात फिरवायचा दिवस कुठल्याच पंचांगात नाही. याची मला खरोखर खंत वाटते, कारण सगळी ओढ तिथंच असते.

गळिताच्या हंगामात आमच्या रस्त्यावरून दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर जातात. भरल्या उसाचं वजन वीस टनांच्या घरात असतं. फडातली ओली वाट, पाणंदीतले खड्डे, ओढ्याचा चढ, मग डांबरी रस्ता आणि कारखान्याच्या काट्यापुढची रांग. या सगळ्या वाटेवर एवढं वजन पुढं नेणारी गोष्ट म्हणजे मनगटाहून बारीक अशी एक पोलादी पिन, तिच्यात अडकलेलं ट्रॉलीच्या दांडीच्या टोकाचं कडं आणि ट्रॅक्टरच्या मागचा दोन पाकळ्यांचा जबडा. ट्रॅक्टर घेताना लोक हॉर्सपॉवर विचारतात, टायर दाबून बघतात. पिन कुणी विचारत नाही.

पावसाळ्यात, भांगलणी उरकून शेतकरी जरा मोकळा झाला, की जयसिंगपूरच्या बाजूला वेल्डिंगच्या दुकानांपुढं ट्रॉल्या उभ्या दिसायला लागतात. आमच्या तात्यांची ट्रॉली तिथं गेली तेव्हा मीही गेले होते. कुणाला पत्रा बदलायचा होता, कुणाला फाळका. तात्यांनाही फाळकाच सरळ करून हवा होता. मिस्त्री मात्र वाकून दांडीखाली बघत राहिले आणि म्हणाले, "तात्या, फाळका राहू द्या. आधी पिन काढा."

पिन सुखासुखी निघाली नाही. खालून हातोडा घालावा लागला. बाहेर आल्यावर त्यांनी ती चिंध्यांनी पुसून माझ्या हातात दिली. वरचं डोकं आणि खालचं टोक गंजून काळं पडलेलं, आणि मध्ये कड्याच्या जागी आरशासारखी चकाकी. त्या चकाकीत पिन एका अंगानं खोल खाल्ली गेली होती. नखानं चाचपलं तर खाचेच्या काठावर बाहेर दाबून निघालेल्या पोलादाची पातळ, धारदार कड लागत होती. कड्याचं भोक तर गोल उरलंच नव्हतं, ओढीच्या दिशेला ते लांबट झालं होतं. पिन निसटू नये म्हणून खाली घालायची लिंच पिन कधीच हरवली होती आणि तिच्या जागी बाइंडिंगची तार पिळून घातली होती.

झीज डोळ्याला कमी दिसते, हे मला त्या दिवशी हिशेबानं कळलं. 30 मिलिमीटरची गोल सळई सगळीकडून झिजून 24 मिलिमीटर झाली, तर पाचवा हिस्साच गेला असं वाटतं. पण तिच्या छेदाचं क्षेत्रफळ 64 टक्केच उरतं, आणि वाकण्याला तोंड द्यायची ताकद जवळजवळ निम्म्यावर येते. त्यात झीज स्वतःच स्वतःला वाढवते. खेळ वाढला की ट्रॅक्टर आधी मोकळा पुढं सरकतो आणि मग वीस टनांना हिसका देतो. ब्रेक लावला की तेच वीस टन मागून येऊन आदळतात. गिअर बदलताना मागून येणारा तो खाडकन आवाज सगळ्या ड्रायव्हरांच्या कानाला सवयीचा झालेला असतो. प्रत्येक खाडकन म्हणजे पिनवर घातलेला घणाचा घाव.

एवढं कळल्यावर मला वाटलं, आता वेल्डिंग मारून भोक भरतील आणि झालं. तसं करणारे पुष्कळ आहेत. मिस्त्रींनी मात्र आधी कडं रॉकेलमध्ये बुडवून ठेवलं. बऱ्याच वेळानं काढून कोरडं खटखटीत पुसलं आणि स्पिरिटमध्ये कालवलेली खडूची पूड त्यावर ब्रशनं फासली. स्पिरिट उडून पांढरा थर वाळला. थोड्या वेळात दांडीच्या जोडाजवळ त्या पांढऱ्यावर केसासारखी एक ओलसर काळपट रेघ उमटली. पोलादाच्या भेगेत शिरलेलं रॉकेल खडूनं बाहेर ओढून घेतलं होतं. रेल्वेच्या कारखान्यांत पूर्वी तेल आणि खडूच्या याच रीतीनं आस तपासायचे. आता त्यासाठी लाल रंगाचे तयार फवारे मिळतात. पण ती रेघ माझ्या डोळ्यांदेखत उमटताना मी जी थरारले, ती अजून विसरलेले नाही. तीच भेग घेऊन ती ट्रॉली गेला सबंध हंगाम शाळेच्या रस्त्यावरून गेली होती.

भेग ग्राइंडरनं मुळापर्यंत खोदून काढली. वरून झाकलेली भेग आत वाढतच राहते. मग कडं गॅसच्या ज्वाळेनं तापवलं, इतकं की टाकलेला पाण्याचा थेंब न बसता नाचत उडाला. कार्बन जास्त असलेल्या पोलादावर ते थंड असताना वेल्डिंग केलं, तर जोडाशेजारची पट्टी कडक आणि ठिसूळ होते, आणि पहिल्या मोठ्या हिसक्याला तिथूनच तुटते. रॉड 7018 चे, भट्टीत वाळवलेले. पावसाळी हवेत रॉड ओल धरतो, ओलीतला हायड्रोजन जोडात शिरतो आणि जोड दुसऱ्या दिवशी आतून तडकतो. थरावर थर चढवत, प्रत्येक थराचा मळ ठोकून काढत भरणी झाली. शेवटी कडं कोरड्या राखेत पुरून ठेवलं. तात्या घाई करत होते. मिस्त्रींनी त्यांना चहा पाजला, पण कडं सकाळपर्यंत काढलं नाही.

सुधारणा खरी झाली ती दुसऱ्या दिवशी. भोक मशीनवर नव्यानं गोल कातून त्यात बुश बसवला. बुश पिनपेक्षा जाणूनबुजून मऊ. काहीतरी झिजणारच आहे, तर झिजावं ते स्वस्तातलं, ठोकून काढता येणारं, हा त्यांचा विचार मला फार मोलाचा वाटतो. कडं जबड्याच्या खालच्या पाकळीवर टेकतं, तिथंही बदलता येणारी जाड चकती आली. मी विचारलं, "मिस्त्री, बुश अगदी घट्ट का नाही केला? खेळच राहिला नसता."

"ताई, शेत काय टेबलासारखं सपाट असतंय? ट्रॅक्टर बांधावर आणि ट्रॉली सरीत असली की दोघं एकमेकांशी तिरके होतात. घट्ट बसवलं तर दांडी पिळून तुटेल." त्यांनी बुशाच्या दोन्ही कडा आतून पसरट करून दिल्या होत्या, म्हणजे कड्याला डोलायला जागा राहते, पण पुढं-मागं आदळायला राहत नाही. नवी पिन लेथवर कातून घेतली, तिला आपल्या जागी फिरू न देणारी पट्टी लावली. खऱ्या लिंच पिनबरोबर दांडीखालून फुलीसारख्या दोन साखळ्या आल्या. पिन तुटलीच तर दांडी जमिनीत रुतत नाही, साखळ्यांवर तोलून राहते. ट्रॅक्टरवरची ओढीची उंची त्यांनी मापून खालीच ठेवली. मागच्या आसाच्या वरून ओढलं, तर चढावर ट्रॅक्टरचं तोंड उचलतं आणि तो ड्रायव्हरवर उलटतो.

या सगळ्याचा खर्च दोन टायरांपेक्षा कमी आला. हंगामात या ट्रॉल्यांच्या मागंपुढं बीडकडून आलेली ऊसतोडीची टोळी असते, उसावर बसलेली पोरं असतात, रात्री मागून येणारे मोटारसायकलवाले असतात. पिन तुटण्याची किंमत ट्रॉलीचा मालक एकटा भरत नाही. म्हणून कारखान्यानं करार करताना जसे वाहनाचे कागद बघावेत, तशी पिन आणि कडंही मापून बघावं, असं मला ठाम वाटतं.

खंडेनवमीला ट्रॅक्टर धुऊन पूजेला उभा कराल, तेव्हा हार घालण्याआधी मागं जा. पिन काढा, पुसा, व्हर्नियर लावून मापा. खाच दिसली तर नवी घाला, आणि तार असेल तर ती त्याच दिवशी फेकून द्या.