मराठवाड्यातले जहाज

नांदेडच्या घाटावरून गोदावरीचे पात्र पाहताना तुमच्याही मनात आले असेल, एक जहाज घ्यावे आणि मुलाबाळांसह त्यावरच राहावे. समुद्र शेकडो किलोमीटर दूर असल्याने हे स्वप्न येथे अधिकच गोड लागते.

परंतु जहाजावरचा संसार पाण्याच्या हिशेबावर चालतो. गोव्यात बांधलेल्या ‘तारिणी’ नौकेतून नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी 2017-18 मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा केली. नौका सुमारे 55 फूट लांबीची. भोवती अथांग पाणी, पिण्याजोगे मात्र मोजकेच.

लातूरच्या वाचकांना हा हिशेब नवा नाही. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आले, तेव्हा तेथील प्रत्येक घर जणू जहाजच झाले होते. त्या दिवसांची शिस्त आजही जपा. पण काटकसर वापरण्याच्या पाण्यात करा, पिण्याच्या पाण्यात नव्हे. उन्हाळ्यात मुले आणि वृद्ध यांना तहान लागण्याची वाट न पाहता पाणी द्या. साठवणीची भांडी झाकून ठेवा आणि आठवड्यातून एकदा घासून कोरडी करा, कारण डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच वाढतो.

जहाज विकत घेणे कदाचित साधणार नाही. मात्र एका रांजणावर सर्वांनी मिळून लक्ष ठेवण्याचे खलाशांचे शहाणपण तुमच्या घरात आजच येऊ शकते.