चौतीस आणि चाळीस

बदलीचा आदेश हाती पडल्यावर घर शोधू लागलो, तेव्हा मारतहळ्ळी हे नाव मी प्रथम वाचले. मराठी डोळ्यांना त्यात 'मराठा' दिसावा यात नवल नाही. परमुलखात आपले माणूस भेटावे तसे वाटले. इथे आल्यावर कळले की 'हळ्ळी' म्हणजे खेडे, एवढे निश्चित. आधीच्या शब्दाविषयी मात्र जितकी तोंडे तितक्या व्युत्पत्ती. कोणी मराठ्यांकडे बोट दाखवतो, तर कोणी जवळच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सकडे. कुर्ट टँक यांनी रचलेले आणि १९६१ साली प्रथम उडालेले 'मारुत' विमान तिथलेच. अक्षरे तीच, पण वाचणारा बदलला की अर्थ बदलतो. त्या दिवशी ही गोष्ट मी हसण्यावारी नेली. पुढे तिनेच मला चार रात्री जागवले.

माझे वडील मिरजेला शाळामास्तर होते. संगणक शिकवायचा तर आधी आपल्याला आला पाहिजे, म्हणून पन्नाशीच्या उंबरठ्यावर ते 'सी' भाषा शिकले. टर्बो सी हा त्या काळी आपल्याकडे घरोघरचा कंपायलर. त्यावर त्यांनी आपल्या उसनवारीची वही रचली. एका नोंदीत तीस अक्षरांचे नाव आणि पुढे रक्कम; दिलेले पैसे अधिक, घेतलेले उणे. फिटले की नोंद पुसायची. गेल्या वर्षी ते गेले. जुना संगणक त्यांच्या आधीच गेला होता. मागे राहिली एक तबकडी. तीत प्रोग्रामचा मजकूर होता, नोंदींची फाइल होती, चालता प्रोग्राम मात्र नव्हता.

एके दिवशी आईचा फोन आला. "अरे, काल एक गृहस्थ पैसे परत द्यायला आले होते. ह्यांनी दिलेले म्हणे. किती, ते त्यांनाही नीट आठवत नाही. त्या वहीत बघून सांग. आणि आपण कुणाचं देणं लागतो का, ते आधी बघ."

मला वाटले, तासाभराचे काम. माझ्या संगणकावर लिनक्स आणि जीसीसी. प्रोग्राम त्याच्यापुढे ठेवला आणि तक्रारींची यादीच आली. वडिलांनी पडदा पुसायला 'क्लीअर-स्क्रीन', एक कळ वाचायला 'गेट-सी-एच' आणि लहानमोठ्या अक्षरांचा भेद न मानता नावे ताडून पाहायला 'एस-टी-आर-आय-कम्प' ही फलने वापरली होती. त्यांपैकी एकही 'सी'च्या प्रमाणित ग्रंथालयातले नाही. ती त्या कंपायलरची घरची मंडळी. तिसऱ्याचे काम युनिक्सच्या घरात 'एस-टी-आर-केस-कम्प' करते. मिरजेचे पोहे बंगळुरात 'अवलक्की' होतात, तसाच हा प्रकार. पदार्थ एकच, पण दुकानात नाव चुकले की हात हलवीत परतावे लागते.

मी दिसेल तिथे नाव बदलू लागलो. शेजारी धारवाडचे एक अभियंते राहतात. मराठी छान बोलतात. ते म्हणाले, "असं जागोजागी बदलू नका, सर. उद्या दुसऱ्या यंत्रावर गेलात की पुन्हा सगळं खोदावं लागेल. मूळ मजकूर तसाच ठेवा. एक वेगळी फाइल करा. कोणत्या घरात कोणतं नाव, हे फक्त तिला कळू द्या." सल्ला मोलाचा होता. दुभाषा दारात बसवावा. घरातल्या प्रत्येकाने परभाषा शिकण्याची गरज नाही.

'सी' डेनिस रिची यांनी बेल प्रयोगशाळेत १९७२ च्या सुमारास घडवली. यंत्र बदलले तरी प्रोग्राम टिकावा, हीच तिची कीर्ती. पण ती घरोघर पोचली आणि प्रत्येक घराने आपली भर घातली. म्हणून १९८९ साली अमेरिकेत आणि १९९० साली आंतरराष्ट्रीय पातळीवर तिचे प्रमाण ठरले. युनिक्सच्या कुळासाठी १९८८ साली 'पॉसिक्स' आले. तरी भेद उरलेच. मजकुराची सुरक्षित नक्कल करणारे 'एस-टी-आर-एल-सी-पी-वाय' ओपनबीएसडीमध्ये १९९८ साली आले. लिनक्सवर बहुतेक ठिकाणी वापरात असलेल्या ग्नूच्या ग्रंथालयाने त्याला २०२३ साली दारात घेतले. पंचवीस वर्षे हंगामी राहून कायम झालेला कारकून आपल्या वाचकांच्या पाहण्यात असेलच.

नावांचा प्रश्न सुटला आणि प्रोग्राम चालला. पहिले नाव बरोबर आले, रक्कम अगम्य आली. दुसऱ्या नावाची पहिली सहा अक्षरे गायब. तिसऱ्याची बारा.

दोष उमगायला दोन रात्री गेल्या. वडिलांनी रक्कम 'लाँग' या प्रकारात ठेवली होती. तो निदान बत्तीस बिटांचा असावा, एवढेच प्रमाण सांगते. नेमका किती हे ज्या त्या घरावर सोडते. टर्बो सीत तो चार बाइटांचा, चौसष्ट-बिटी विंडोजवरही चारांचाच, माझ्या लिनक्सवर मात्र आठांचा. शिवाय टर्बो सी नाव आणि रक्कम एकमेकांना खेटून ठेवतो, तर जीसीसी रकमेला सोयीच्या जागी बसवण्यासाठी मध्ये दोन बाइट मोकळे सोडतो. वडिलांची नोंद चौतीस बाइटांची होती. मी ती चाळीसची समजून वाचत होतो. नेमक्या चार बाइटांचा प्रकार १९९९ च्या प्रमाणाने दिला आहे. तो वापरला तर नोंद छत्तीसची झाली. दोन अक्षरे अजून हरवतच होती.

शेवटी यंत्राच्या सवयीवर विसंबणे सोडले. नावाचे तीस बाइट वाचायचे, मग रकमेचे चार एकेक करून, धाकट्यापासून थोरल्यापर्यंत, आपल्या हाताने जोडायचे. नावे सरळ उभी राहिली. रकमाही. आलेल्या गृहस्थांच्या नावापुढे बाराशे होते.

फक्त एक नोंद वेडी निघाली. आमच्या आळीतल्या किराणा दुकानदारांना वडिलांनी म्हणे ४,२९,४९,६२,२९६ रुपये उसने दिले होते! शाळामास्तराचे चार अब्ज! मी मोठ्याने हसलो. मग कागद घेतला. बत्तीस बिटांत मावणाऱ्या संख्या ४,२९,४९,६७,२९६. वजाबाकी केली, उरले पाच हजार. जोडताना मी उण्याचे चिन्ह विसरलो होतो. दिले नव्हते, घेतले होते.

आईला सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तुझ्या कॉलेजच्या प्रवेशाचे. मला वाटलं होतं, फिटले."

त्या रात्री मी सगळ्या नोंदी साध्या मजकुरात उतरवल्या; कोणत्याही यंत्रावर, कोणालाही वाचता याव्यात म्हणून. पुढच्या रजेत मिरजेला गेलो. दुकानदार हयात नव्हते. त्यांच्या मुलाला यातले काहीच ठाऊक नव्हते. तो पैसे घेईना.

आई म्हणाली, "तुमच्याकडे नसेल लिहिलेलं. आमच्याकडे आहे."