मळके गाठोडे

प्रवासवर्णने वाचण्याचा आम्हांस फार दिवसांचा नाद आहे. हिमशिखरांवरील सूर्योदय, दक्षिणेकडील देवालयांची गोपुरे, पहाटेच्या घाटावरील घंटानाद, या साऱ्यांचे वर्णन आम्ही रायपुरात घरबसल्या अनेकदा वाचले आहे. परंतु चार चार आठवडे हिंडणाऱ्या या लेखकांचे मळलेले कपडे कोठे असतात, ते कोण धुते, ओले राहिले तर कोठे वाळतात, याविषयी त्या ग्रंथांत एक अक्षरही आढळत नाही. यावरून दोनच तर्क निघतात. एक तर हे लेखक कपडे मळवीत नसावेत, किंवा त्यांचे गाठोडे दुसरेच कोणी वाहत असावे. आम्हांस दुसरा तर्क अधिक संभवनीय वाटतो.

आम्ही केंद्र सरकारच्या कचेरीत कारकून आहो. सरकारने आपल्या नोकरांसाठी १९५६ साली रजा प्रवास सवलत सुरू केली. तिच्या मागणीपत्रकात गाडीचे नाव, वर्ग, भाडे, बरोबरच्या कुटुंबीयांचे वय, सगळ्यांसाठी रकाने आहेत. मळक्या कपड्यांसाठी रकाना नाही. कारकुनाच्या दृष्टीने पाहिले तर ही उणीव लहान नव्हे. घरून निघताना ट्रंकेत घडी घालून ठेवलेला सदरा ही जावक. अंगावरून उतरलेला सदरा ही आवक. जावक क्रमाने लावलेली असते, आवकेस मात्र जागा नसते. तोच सदरा, तेच कापड. पण मळल्यावर दुप्पट जागा अडवितो आणि शेजारच्या स्वच्छ कपड्यांसही आपला वास देऊ लागतो. प्रलंबित प्रकरणांचा स्वभाव कचेरीतही याहून वेगळा नसतो.

आम्हां रायपूरकर मराठी मंडळींस ही अडचण जरा अधिकच जाणवते. अठराव्या शतकाच्या मध्यास छत्तीसगड नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली आले, तेव्हापासून मराठी घराणी इकडे येऊ लागली. तात्यापारा, बूढापारा या वस्त्यांत आजही मराठी घरे आहेत. परंतु लग्नमुंज, कुलदैवत आणि तीर्थयात्रा यांसाठी ओढ पश्चिमेचीच. नागपूर तीनशे किलोमीटर, मुंबई अकराशेंहून अधिक. त्यामुळे आमच्याकडे ‘देशावर जाऊन येणे’ म्हणजे पंधरा दिवसांची बांधाबांध, आणि परतताना निम्म्याहून अधिक सामान मळके.

जुन्या पिढीने यावर आपल्यापरी तोड काढली होती. होल्डॉलच्या दोन टोकांना दोन मोठे कप्पे असत. एकात उशी जाई, दुसऱ्यात मळके कपडे. आमच्या आईचा मात्र त्या कप्प्यावर विश्वास नसे. ती जुन्या सुती लुगड्याचा चौकोनी तुकडा घेई, मळके कपडे त्यात सैल बांधी आणि गाठोडे बर्थखाली न सरकविता खिडकीजवळच्या खुंटीस टांगी. त्यामागचे शास्त्र आम्हांस पुढे कळले. घामाला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. त्यावर जगणारे सूक्ष्म जंतू तो निर्माण करतात, आणि ओल व कोंडलेली हवा मिळाली की त्यांचे फावते. सुती गाठोड्यातून वारा खेळतो. आजच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ओला टॉवेल एक रात्र ठेवला, तर सकाळी पिशवी उघडणाऱ्याची खरोखर कीव येते.

रेल्वेने आपल्यापुरता हा प्रश्न सोडविला आहे. वातानुकूलित डब्यातील चादरी यांत्रिक धुलाईगृहांत जातात. कोरोनाच्या साथीत, २०२० साली, त्या देणे बंद झाले आणि २०२२ च्या मार्चात पुन्हा सुरू करण्याचा हुकूम निघाला. चादर प्रत्येक वापरानंतर धुतली जाते, परंतु कांबळे महिन्यातून किमान एकदा धुतात, असे २०२४ साली लोकसभेत सांगण्यात आले, तेव्हा देशभर कांबळ्यांकडे संशयाने पाहिले गेले. आम्हांस त्यात नवल वाटले नाही. मळ आपला असला की तो सोसतो. परक्याचा असल्याची नुसती शंका आली तरी झोप उडते.

घरी असताना या विषयाचा विचार करण्याची वेळच येत नाही, कारण तेथे दुसरे कोणी तरी तो करीत असते. आमच्या लहानपणी तात्यापाऱ्यात एक धोबी येत. कपड्याच्या कोपऱ्यात ते भेलव्याच्या काळ्या रसाने बारीकशी खूण करीत. भेलवा म्हणजे आपला बिब्बा; छत्तीसगडच्या रानांत तो मुबलक. त्याच्या रसाची खूण कितीही आपटली तरी जात नाही. त्या खुणेवरून कोणते कापड कोणत्या घरचे, हे त्यांना अचूक कळे. कोणाच्या घरी आजारपण आहे, कोणाच्या घरी मूल झाले आहे, कोणाचे म्हातारे अंथरुणाला खिळले आहेत, हेही त्यांना कपड्यांवरून कळत असलेच पाहिजे. पण ते त्यांनी कधी कोणास सांगितल्याचे आम्ही ऐकले नाही.

अशा माणसांस आपल्या समाजाने काय दिले? ज्यांनी आपला मळ काढला, त्यांनाच मळके मानले. सोवळ्याओवळ्याच्या व्यवस्थेत कपडे वेगळे ठेवण्याची शिस्त होती हे खरे, परंतु ती शिस्त कपड्यांवर न थांबता माणसांपर्यंत गेली. गाडगेबाबांचा जन्म १८७६ साली अमरावती जिल्ह्यात परीट समाजात झाला. १९५६ साली देह ठेवीपर्यंत ते झाडू घेऊन गावोगाव हिंडले.  पंढरपूर, नाशिक अशा ठिकाणी त्यांनी गोरगरीब यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभ्या केल्या. यात्रेकरूस देवाइतकीच पाण्याची, धुण्याची आणि पाठ टेकण्याची गरज असते, हे धुणे धुणाऱ्या घरात जन्मलेल्या माणसास कळावे, यात योगायोग कमी आणि अनुभव अधिक असावा.

परदेशात मोटारीमागे फिरते घर जोडून लोक महिनेमहिने हिंडतात, आणि त्यात मळक्या कपड्यांसाठी वेगळा कप्पा असतो म्हणे. महाराष्ट्र शासनानेही २०२१ साली अशा फिरत्या घरांच्या पर्यटनाचे धोरण मंजूर केले. परंतु आमचे असे मत आहे की, मराठी माणसाचे फिरते घर फार पूर्वीपासून चालू आहे, आणि ते म्हणजे दिंडीचा ट्रक. आषाढीच्या वारीत माणसे पायी चालतात आणि त्यांचा संसार ट्रकातून पुढच्या मुक्कामास जातो. तंबू, भांडी, अंथरुणे आणि शेकडो पिशव्या. आळंदीहून ज्ञानेश्वर महाराजांची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीस निघते आणि आषाढ शुद्ध दशमीस पंढरपुरास पोचते. वाट सुमारे अडीचशे किलोमीटरांची आणि दिवस पावसाचे. मळके कपडे सांभाळण्याची याहून कठीण परीक्षा आम्हांस ठाऊक नाही.

ती परीक्षा आम्ही २०२४ साली दिली. आमचे वडील, ज्यांना घरात सारे नाना म्हणतात, शाळेतून निवृत्त झाल्यापासून वारीची गोष्ट काढीत होते. आई पाच वर्षांपूर्वी गेली, तेव्हापासून ते बोलणे वाढले होते. आम्ही रजा काढली, आणि नाना, सौ. व आम्ही असे तिघे आझाद हिंद एक्स्प्रेसने पुण्यास उतरून आळंदीस गेलो.

नानांस एक दुखणे आहे, आणि त्याचा उच्चार ते करीत नाहीत. या वयात अनेक पुरुषांस जडते तेच. लघवीवर ताबा राहत नाही. रायपुरात आमची स्नानगृहे दोन, नाना पहाटे चारला उठतात, त्यामुळे धोतर धुऊन वाळत पडल्यावरच आम्ही जागे होतो. दिंडीत ते जमणे शक्य नव्हते. पाणी टँकरचे, त्यापुढे रांग, आणि उजाडण्यापूर्वी सामान ट्रकात चढवावे लागे. सासवडला दोन रात्रींचा मुक्काम असतो, त्यामुळे तेथे बायाबापड्यांनी मनसोक्त धुणे धुतले. दोऱ्यांवर लुगडी, धोतरे, सदरे फडफडत होते. नानांचे धोतर मात्र दोरीवर नव्हते. ते ओलेच घडी करून त्यांनी पिशवीच्या तळाशी ठेवले होते.

जेजुरीच्या मुक्कामी ट्रक रिकामा होऊ लागला तेव्हा एका आजींचे अंथरूण ओले निघाले. वरच्या पिशवीतून पाणी झिरपले होते, आणि नुसते पाणी नव्हते, हे वासावरून कळत होते. ‘पिशवी कोणाची?’ असे दोघातिघांनी विचारले. पिशवीवर रायपूरचे नाव ठळक अक्षरांत रंगविले होते. भेलव्याची खूणच म्हणा. नाना उभे होते. ते काही न बोलता गडाच्या दिशेने चालू लागले, आणि जेवणाच्या पंगतीस आले नाहीत. रात्री उशिरा परतले तेव्हा एवढेच म्हणाले, “मी उद्या पुण्याची गाडी पकडतो. तुम्ही दोघं पुढं जा.”

आम्ही काय बोलावे याची जुळवाजुळव करीत होतो, सौ. मात्र काहीच बोलल्या नाहीत. पहाटे त्यांनी आपल्या सामानातून सुती कापडाची एक मोठी पिशवी काढली. आईच्या जुन्या लुगड्याची ती त्यांनी निघण्यापूर्वी शिवली होती. आमचा घामाने चिकट झालेला सदरा, स्वतःची चिखलाने भरलेली साडी आणि नानांच्या पिशवीच्या तळाशी असलेली दोन धोतरे, हे सारे त्यांनी बादलीभर पाण्यातून काढले, कोरड्या टॉवेलात गुंडाळून पिळले, आणि त्या एकाच पिशवीत भरले. मग नानांस म्हणाल्या, “नाना, तीन पिशव्या सांभाळायला मला जमत नाही. आजपासून मळकं सगळं ह्या एकीत. ट्रकात खाली ठेवायची नाही, वर दोरीला टांगायची, तेवढं तुम्ही बघा.”

कपडे वेगवेगळे ठेवावेत, ही आरोग्याची शिकवण आम्हांस ठाऊक होती. जास्त मळलेले कमी मळलेल्यात मिसळू नये, हेही ठाऊक होते. परंतु त्या पहाटे आमच्या ध्यानात आले की, ज्याचे गाठोडे वेगळे त्याची लाजही वेगळी; आणि एका पिशवीत पडल्यावर कोणाचा मळ कोणता, हे विचारणाऱ्यासच विचित्र दिसते. आरोग्याची सोय पाण्याने झाली होती. उरलेली सोय पिशवीने केली.

नाना पुण्यास गेले नाहीत. पिशवी टांगण्याचे काम त्यांनी अंगावर घेतले आणि शिक्षकी पद्धतीने तडीस नेले. मुक्कामास पोचल्याबरोबर पिशवी उघडून कपडे हवेवर टाकणे, दोरी तंबूच्या आतील बाजूस बांधणे, पाऊस नसेल तेव्हा अर्धवट वाळलेली धोतरे आमच्या खांद्यावर टाकून चालविणे, हे सारे त्यांच्या देखरेखीखाली होऊ लागले. वाल्ह्यानंतर नीरा नदी लागते. तेथे माउलींच्या पादुकांना स्नान घालतात, आणि वारकरीही नदीत उतरतात. त्या आजी आमच्या शेजारीच आपले लुगडे आपटीत होत्या. त्यांनी नानांस ‘या मास्तर, दगड मोकळा आहे’ एवढेच म्हटले, आणि अंथरुणाचा विषय तेथे संपला.

फलटणच्या मुक्कामी आम्ही दर्शन घेऊन परतलो तर टँकरजवळ नाना धुणे धुत बसले होते. बादलीत सौ.ची साडी होती. जन्मात त्यांनी कधी आईचेही लुगडे धुतल्याचे आमच्या पाहण्यात नाही. सौ. धावतच गेल्या. “नाना, अहो, हे काय करता? द्या इकडे.” नानांनी साडी सोडली नाही. “पिशवी एकच आहे ना, सूनबाई? मग त्यात माझं कुठलं आणि तुझं कुठलं, हे कशाला निवडायचं?” आसपासच्या दोन बाया हसल्या. सौ.नी मग साडीचे दुसरे टोक धरले, आणि दोघांनी मिळून ती पिळली.

पंढरपूरची गर्दी, चंद्रभागेचे पाणी, कळसाचे दर्शन, यांची वर्णने आमच्याहून अधिकारी माणसांनी केली आहेत. आम्ही रायपुरास परतलो तेव्हा त्या पिशवीतील कपडे धुताना बादलीच्या तळाशी दोन बोटे माती आणि काळा बुक्का उरला होता. पिशवी आता न्हाणीघराच्या दाराशी खुंटीवर टांगलेली असते. नाना अजूनही पहाटे चारला उठतात. परंतु अंधारात नळ वाहिल्याचा आवाज हल्ली येत नाही. धोतर पाण्यातून काढून ते सर्वांच्या कपड्यांबरोबर त्या पिशवीत टाकतात, आणि चहाची वाट पाहत ओसरीवर वर्तमानपत्र उघडतात.