पबचा मुदपाकखाना

विलायतेला जाताना माणसे लोणचे आणि भाकरवडी नेतात. २०२५ च्या जुलैत मी गेलो तेव्हा या दोन जिनसांबरोबर एक कामगिरीही नेली होती. माझी ताई लीड्सला डॉक्टर आहे. तिच्या चिरंजिवांनी इंजिनिअरिंगचे पहिले वर्ष संपताच कॉलेजला रामराम ठोकला आणि शहराबाहेरच्या एका पबमध्ये भांडी घासण्याची नोकरी धरली. "तू कॉलेजात शिकवतोस. मुलं तुझं ऐकतात. याला जरा समजाव," ताईने फोनवर फर्मावले. मुले माझे ऐकतात हा तिचा समज मी वीस वर्षांत कधी दूर केला नव्हता. आता करणे परवडण्यासारखे नव्हते.

पब म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर गुत्ता उभा राहतो. प्रत्यक्षात हा 'पब्लिक हाउस'चा संक्षेप. दारावर चित्राची पाटी असते. कुठे सिंह, कुठे मुकुट, कुठे नांगर. बिअर विकणाऱ्याने दारावर खूण टांगलीच पाहिजे, असे फर्मान १३९३ साली दुसऱ्या रिचर्ड राजाने काढले होते म्हणतात. आत शिरलो तर एक आजीबाई शब्दकोडे सोडवीत होत्या, त्यांच्या पायाशी कुत्रे घोरत होते आणि शेजारच्या टेबलावर दोन पोरे बटाट्याच्या कापांवरून भांडत होती. आपल्याकडे गाव पारावर जमतो, तसा तिथे इथे जमतो.

पूर्वी अशा ठिकाणी पेल्यासोबत फार तर वेफर्स नाहीतर व्हिनेगरमध्ये मुरवलेले अंडे मिळे. १९९१ साली लंडनच्या फॅरिंग्डन रोडवर 'द ईगल' नावाच्या पबात चांगला स्वयंपाक सुरू झाला आणि 'गॅस्ट्रोपब' हा शब्द रूढ झाला. पुढे २०१२ च्या मिशेलिन मार्गदर्शिकेत मार्लो गावच्या 'द हँड अँड फ्लॉवर्स'ला दोन तारे मिळाले; पबला दोन तारे मिळण्याची ती पहिलीच वेळ. आता कित्येक पबांचा संसार पिंपावर कमी आणि चुलीवर अधिक चालतो.

रविवारी सकाळी नऊला भाच्याने मला मागच्या दाराने मुदपाकखान्यात नेले. मुख्य आचारी एक बाई होत्या. त्यांनी मला हात धुवायला लावले, एप्रन बांधायला लावला आणि बटाट्याचे पोते दाखवले. "इथं रिकामा माणूस उभा राहत नाही," भाच्याने मराठीत भाषांतर केले. समजवायला आलेला मामा बटाटे सोलायला बसला.

सोलता सोलता त्या घराची उतरंड ध्यानात आली. सर्वांत खालची पायरी किचन पोर्टरची. भांडी, फरशी, कचरा सारे त्याच्याकडे. त्यावर कॉमी, म्हणजे शिकाऊ आचारी. मग एकेक विभाग सांभाळणारा शेफ द पार्ती, त्यावर मुख्य आचाऱ्याचा उजवा हात सू शेफ आणि वर हेड शेफ. नावे फ्रेंच, कारण मोठ्या हॉटेलांच्या भटारखान्यांना ही लष्करी शिस्त लावून देणारा ऑग्युस्त एस्कोफिए फ्रेंच होता. मात्र छोट्या पबात पलटण कसली? चारच माणसे. शेफबाई वेळ पडल्यास स्वतः भांडी घासतात.

भाचा आठ महिने त्या मोरीपाशी होता. भांडी घासता घासता तो सुऱ्या कशा धरतात ते पाही, उरलेल्या वेळात कांदे चिरून देई. एके दिवशी कॉमी आजारी पडला आणि याला बोलावणे आले. आता तो कामावर राहूनच शिकतो. काम करतानाच परीक्षेची तयारी होते, शेवटी प्रमाणपत्र मिळते. पगार बेताचा. पहिल्या वर्षाच्या शिकाऊ कामगाराला त्या साली कायद्याने तासाला किमान ७.५५ पौंड मिळत. मला कर्मवीर भाऊराव पाटलांची 'कमवा आणि शिका' आठवली. तिच्याबद्दल मी वर्गात दरवर्षी भरल्या गळ्याने बोलतो. माझ्या घरात ती अवतरली तेव्हा मात्र मी तिला समजवायला विमानाने निघालो होतो.

"मामा, लाल फळीला हात लावू नकोस!" भाचा ओरडला. लाल फळी कच्च्या मांसाची, निळी कच्च्या माशांची, हिरवी सॅलड आणि फळांची, तपकिरी भाज्यांची. आमच्या आजीचे सोवळेही इतके कडक नव्हते.

बारा वाजले आणि रण पेटले. भिंतीवरच्या यंत्रातून चिठ्ठ्या निघू लागल्या. शेफबाई चिठ्ठी वाचत, चार कंठांतून "येस, शेफ!" येई. भट्टीतून यॉर्कशायर पुडिंग निघाले. पुडिंग म्हणून मी गोडाची वाट पाहत होतो. निघाली मैदा, अंडी नि दुधाची, टम्म फुगलेली वाटी. तापलेल्या चरबीत पीठ ओतायचे आणि मध्येच भट्टीचे दार उघडायचे नाही. उघडले की बसलीच. आमच्या पुरीचीच ही दूरची बहीण! तीन तासांत भाच्याने पाणी प्यायलेले मी पाहिले नाही.

तीन वाजता आम्ही मागच्या पायरीवर बसलो. त्याच्या दोन्ही हातांवर ट्रेने भाजल्याच्या आडव्या रेघा होत्या. "दुखतं का रे?"

"सवय होते. आईला दाखवत नाही." थोड्या वेळाने म्हणाला, "कॉलेजात मी चुकतोय हे वर्षअखेर कळायचं, मामा. इथं दोन मिनिटांत बशी परत येते."

सारेच गोड आहे असे नाही. जग सुटीवर असते तेव्हा यांचे काम दुप्पट. मागच्या दिवाळीला तो तळणापाशी उभा होता आणि घरी फराळाचे ताट तसेच राहिले. ताईचे खरे दुखणे तिथे होते. पण टेबलावरच्या बक्षिशीत मालकाने हात घालायचा नाही, असा कायदा तिथे ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाला आहे. आणि शेफबाईंनी स्वतः सोळाव्या वर्षी ह्याच मोरीपासून सुरुवात केली होती. त्या पायऱ्यांवर सारेच चढतात असे नाही. पण मोरीपासून भट्टीपर्यंत जिना आहे.

रात्री ताईने विचारले, "काय म्हणाला?"

मी म्हटले, "ताई, सांगलीला आईचे डबे कोण घासायचं गं?"

ती गप्प झाली. बाबा गेल्यावर आई पंधरा जणांचे डबे करी. पहाटे पाचला दहा वर्षांची ताई मोरीत बसे आणि एकेक डबा आरशासारखा लख्ख करी. त्याच डब्यांच्या पैशांवर ती मिरजेला डॉक्टर झाली आणि मी एम. ए. झालो. स्टाफरूममध्ये आईबद्दल कोणी विचारले, तर "घरीच असायची" असे मी आजवर सांगत आलो आहे. खोटे नव्हते ते. पण खरेही नव्हते.

ताई उठली. ओटा स्वच्छ होता, तरी पुन्हा पुसला. मग पाठमोरीच म्हणाली, "हात भाजलेत ना त्याचे? मला दिसतं. त्याला सांग, मलम नंतर. आधी वाहत्या गार पाण्याखाली धरायचा हात. वीस मिनिटं. मधेच काढायचा नाही."

मी म्हटले, "तूच सांग की."

"सांगते," ती म्हणाली आणि तिने फोन उचलला.