दोर धरणारी

बडोद्यातल्या मराठी घरांत डोंगर म्हटला की एक तर पावागड, नाहीतर सुट्टीत महाराष्ट्रात गेल्यावर पाहिलेला एखादा किल्ला. दोन्हीकडे वर जायला पायऱ्या किंवा पायवाट असते. त्यामुळे मी माउंट अबूला प्रस्तरारोहण शिकायला जाते म्हटल्यावर आजीनं विचारलं, "अगं, वाट असताना कड्यावरून कशाला चढायचं?"

अबू आहे राजस्थानात, पण तिथली स्वामी विवेकानंद पर्वतारोहण संस्था गुजरात सरकारची आहे. बडोद्याहून रेल्वेनं आबू रोड आणि पुढे सुमारे २८ किलोमीटरचा घाट. शिबिरात पहिल्याच दिवशी कळलं की सह्याद्रीतल्या ट्रेकचा अनुभव इथे अर्धाच उपयोगी पडतो, कारण दगडच वेगळा आहे.

सह्याद्री बेसाल्टचा. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचून तो तयार झाला. त्याच्या कड्यांना टप्पे असतात, खाचा असतात. पण हाताला आलेला धोंडा आधी हलवून पाहावा लागतो. अबूचा ग्रॅनाइट त्याहून कितीतरी जुना, जमिनीच्या पोटात सावकाश थंड झालेला. त्याचे स्फटिक नुसत्या डोळ्यांनी दिसतात आणि अंग पॉलिश पेपरसारखं खरखरीत लागतं. हंपीला तुंगभद्रेच्या काठी ज्या प्रचंड शिळा दिसतात, त्याही ग्रॅनाइटच्याच. अशा गुळगुळीत उतारावर कित्येकदा धरायला काहीच नसतं. असतात ते फक्त आपले पाय.

भीती वाटली की शरीर खडकाला बिलगू पाहतं. शिकवतात ते नेमकं उलट. पोट खडकापासून दूर, टाचा खाली, वजन सरळ पायांवर. वजन तळव्यांवर नीट पडलं की बूट धरून ठेवतो. अंग खडकावर टाकलं की तोच बूट सटकतो. शिवाय दोन हात आणि दोन पाय यांपैकी तीन सतत खडकावर, हलवायचा तो एकच. सरांचं तोंडात एकच वाक्य: "पायावर विश्वास ठेव."

पण पायांइतकाच विश्वास ठेवावा लागतो तो खाली दोर धरणाऱ्या माणसावर. याला 'बिले देणं' म्हणतात. माझी जोडीदार दाहोदची, आदल्या संध्याकाळी ओळख झालेली. तिसऱ्या मजल्याएवढ्या उंचीवर माझा पाय सुटला. हातभर खाली आले, दोर थोडा ताणला आणि मी लटकले. खालून तिचा शांत आवाज आला, "पकडी छे, तुं श्वास ले."

मग माझी पाळी आली दोर धरायची, आणि ती मला चढण्यापेक्षा जड गेली. नजर वर, एक हात कायम दोरावर. काही झालं तरी तो हात सोडायचा नाही. दोर फार ताणून धरला तर तिला पाऊल उचलता येत नाही, फार सैल सोडला तर ती जास्त खोल पडणार. ती वर पोहोचेपर्यंत माझ्या तळहातांना घाम सुटला होता.

घरी आल्यावर आईनं फोटो पाहिले आणि एवढंच विचारलं, "तुझा दोर कोणी धरला होता?" मी त्या मुलीबद्दल सांगितलं. सैल आणि ताण यांचंही सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आम्ही काय वेगळं करतो?" दुसऱ्या दिवशी तिनं झोपाळ्याच्या कडीला बांधून माझ्याकडून आठाची गाठ शिकून घेतली. भीती तिची गेलेली नाही, पण पुढच्या शिबिराचा अर्ज तिनंच भरायला लावला.

तुमच्यापैकी कुणाला जावंसं वाटलं तर जरूर जा. मात्र यूट्यूब पाहून पावागडच्या कड्यावर प्रयोग नकोत. रीतसर शिका, हेल्मेट घाला, ओल्या खडकावर चढू नका. आणि घरी सांगताना नुसतं कुठे चाललोय एवढंच सांगू नका. दोर कोण धरणार आहे, तेही सांगा.