आमचा जलप्रवास

कोकण ज्याने केवळ घाटरस्त्याने पाहिले, त्याने घर परसदाराकडून पाहिले असेच म्हणावे लागेल. या घराची ओसरी समुद्राकडे आहे. आमच्या सौभाग्यवतीचे माहेर हर्णैचे. तिच्या आजोबांचा सुपारीचा व्यापार पडावांतून चाले. त्यामुळे ‘एकदा पाण्यावरून दाभोळास जाऊ’ ही तिची इच्छा लग्नाइतकीच जुनी. मुलांची शिक्षणे, वडिलांची दुखणी आणि आमची शाळा यांतून तो योग गतवर्षी जुळून आला. दाभोळच्या खाडीपलीकडे गुहागरास आमच्या पुतणीचा साखरपुडा होता. मुहूर्त साडेबाराचा, आणि ओटी भरण्याचा मान सौभाग्यवतीचा. हर्णैस स्वतःची यांत्रिक होडी चालविणारा आमचा एक जुना विद्यार्थी म्हणाला, “गुरुजी, सातला निघू. साडेनऊला दाभोळ.”

मार्गशीर्ष शुद्ध दशमीस सकाळी जीवरक्षक जाकिटे बांधून आम्ही उभयता होडीत बसलो. जमिनीवरून मतलई वारा वाहत होता व पाणी अगदी संथ होते. प्रथम सुवर्णदुर्गास वळसा घातला. 1755 साली पेशवे व इंग्रज यांच्या संयुक्त मोहिमेत कमोडोर जेम्सने हा दुर्ग तुळाजी आंग्र्यांकडून घेतला. 2025 साली युनेस्कोने मराठ्यांचे जे 12 किल्ले जागतिक वारसा म्हणून नोंदविले, त्यांत हाही आहे. बुरूज थेट पाण्यातून उठलेले. इतिहास शिकविताना फळ्यावर काढलेली ती वर्तुळे येथे केवढी उंच दिसली!

पुढे मुरूडची नारळी-पोफळीची रांग आली. महर्षी धोंडो केशव कर्व्यांचे बालपण या गावी गेले. येथूनच परीक्षेसाठी ते पायी साताऱ्यास गेले, आणि वयाने लहान दिसतात म्हणून परीक्षेस बसू न देता त्यांस परत पाठविण्यात आले. शाळामास्तराने या किनाऱ्यास मनोमन नमस्कार करावा, हे योग्यच. कर्दे मागे पडले, लाडघरचे तांबूस छटेचे तामसतीर्थ दिसले, आणि बुरोंडीसमोर यंत्र घरघरून बंद पडले.

कोणीतरी टाकून दिलेले नायलॉनचे जाळे होडीच्या पंख्यास गुंडाळले होते. खलाशी सुरी घेऊन पाण्यात उतरला. होडी लाटांवर आडवी हेलकावत राहिली. आम्ही रामरक्षा म्हणत होतो. सौभाग्यवती निमूटपणे पाण्याकडे पाहत होती. ते जाळे कापून काढण्यात दोन तास गेले.

कोळथऱ्यासमोर आलो तेव्हा अकरा वाजले होते. विद्यार्थी म्हणाला, “गुरुजी, वेगाने नेली तर अजून मुहूर्त गाठता येईल.” आम्ही होकार देणार, तोच सौभाग्यवतीने विचारले, “आज दशमी ना? दहाची पाऊणपट साडेसात. साडेसातला समुद्र भरला, म्हणजे आता ओहोटीचा जोर. त्यात खारा वारा सुटलाय. खाडीचे पाणी बाहेर, वारा आत; तोंडाशी रेतीवर लाटा उभ्या राहतील. आजोबा अशा वेळी नांगर टाकून बसत.”

तिथीची पाऊणपट करावी म्हणजे भरतीची वेळ निघते, हा हिशेब आम्ही वर्गात अनेकदा सांगितला आहे. चंद्र रोज सुमारे पाऊण तास उशिरा उगवतो, हे त्याचे कारण. परंतु भर समुद्रात, मुहूर्त समोर असताना, तो असा शांतपणे मांडलेला आम्ही प्रथमच ऐकला. तांडेलाने क्षणभर खाडीच्या दिशेच्या पांढऱ्या रेषेकडे पाहिले व म्हणाला, “काकी बरोबर सांगतात.”

“आणि तुझा मान?” आम्ही विचारले.

“ओटी काय, संध्याकाळीही भरता येईल,” ती म्हणाली.

नांगर पडला. फोनवरून आमचे थोरले बंधू आमच्यावर बरेच रागावले. ते आम्ही ऐकून घेतले. मग डब्यातील थालीपिठे चौघांनी वाटून खाल्ली. आजोबांचा पडाव, मुंबईहून येणारी बाहुली, अशा कितीतरी गोष्टी त्या तीन तासांत सौभाग्यवतीने सांगितल्या. एकत्र कुटुंबाच्या गडबडीत त्या गोष्टींना कधी सवड मिळाली नव्हती.

अडीचच्या सुमारास भरतीचे पाणी खाडीत शिरू लागले आणि त्याबरोबर आम्हीही. उजवीकडे अंजनवेलचा गोपाळगड, डावीकडे दाभोळची आदिलशाही मशीद, आणि मधल्या पाण्यावरून धोपाव्याकडे माणसे व मोटारी घेऊन जाणारी फेरीबोट, असा तो देखावा होता. गुहागरास पोहोचावयास पाच वाजले. मुहूर्त टळला नव्हता; धाकट्या वहिनींनी ओटी भरली होती. परंतु पुतणी तेच लुगडे नेसून बसून राहिली होती. “काकूने भरल्यावाचून मी उठणार नाही,” असे तिने सर्वांस बजावले होते. दिवेलागणीस दुसरी ओटी भरली गेली, आणि थोरल्या बंधूंचा रागही मावळला.

अमरकोशात ‘वेला’ या शब्दाचे तीन अर्थ दिले आहेत : समुद्राच्या पाण्याचा चढउतार, काळ आणि मर्यादा. विद्यार्थिदशेत ते आम्ही निरनिराळे पाठ केले होते; कोळथऱ्यासमोर ते एकच झाले. वाचकांपैकी जी दांपत्ये या किनाऱ्याने जाऊ इच्छितील त्यांनी अवश्य जावे. मात्र निघण्यापूर्वी घड्याळाबरोबर तिथीही पाहावी, शुभकार्यास एक दिवस आधी निघावे, आणि होडीत किनाऱ्यावर वाढलेले माणूस असल्यास प्रथम त्याचे ऐकावे.