ऑफिस टाइम

पोर्टुलाका म्हटलं तर आमच्या सोसायटीत कुणालाच कळणार नाही. ‘ऑफिस टाइम’ म्हणा, लगेच चार जणी आपापल्या कुंड्या दाखवतील. नर्सरीवाले ‘चिनी गुलाब’ म्हणून विकतात, पण हे ना चिनी, ना गुलाब. मूळचं ब्राझील-अर्जेंटिनाकडचं. आपल्या घोळाच्या भाजीचं सख्खं चुलत भावंड! वीतभर उंची, पण जमिनीवर सोडलं तर गालिचा अंथरतं.

ऊन चढलं की फुलं उघडणार, दुपार कलली की मिटणार. एका फुलाची एकच दिवस ड्युटी. व्हिएतनाममध्येही याला ‘दहा वाजताचं फूल’ म्हणतात.

बाबा सरकारी नोकरीत होते. डबा घेऊन निघताना गॅलरीत डोकावून म्हणायचे, “चला, ऑफिस उघडलं.” रिटायर झाले तरी रोज म्हणतात. माझी बस सव्वासातची. मी निघते तेव्हा फुलं मिटलेली, येते तेव्हाही मिटलेली. एकाच घरात राहून आमची भेट फक्त वीकएन्डला!

मार्चमध्ये बॉसने रोजचा रात्री नऊचा कॉल माझ्या गळ्यात मारला. “अर्ध्या तासाचा तर प्रश्न आहे.” पण आई गेल्यापासून बाबा माझ्यासाठी जेवायचे थांबतात, आणि नऊ ही आमची जेवायची वेळ. मी सांगितलं, आठवड्यातून दोन दिवस घेईन, रोज नाही. अप्रेझलमध्ये ‘फ्लेक्सिबिलिटी’च्या रकान्यात त्याची किंमत वसूल झालीच. राग आला. अजून आहे.

गंमत म्हणजे हे झाडही नाइट शिफ्ट करतं. पाण्याची फारच ओढ लागली की रात्री कार्बन डायऑक्साइड घेऊन ठेवतं, दिवसा वापरतं. जाड पानांत पाणी साठवतं, तेही कामी येतं. पण एवढं सगळं करूनही फूल काही रात्री उघडत नाही. ढगाळ दिवसात तर धड दिवसाही नाही!

टीममधल्या एकीने परवा फांदी मागितली, डेस्कवर ठेवायला. चार बोटांची फांदी भुसभुशीत मातीत खोचली की जगते, पाणी मात्र बेताने, नाहीतर कुजते. पण डेस्कवर? याला पाच-सहा तास कडक ऊन लागतं. एसीत, ट्यूबलाइटखाली ‘ऑफिस टाइम’ फुलत नाही गं बाई! शेवटी फांदी गेटवरच्या वॉचमनकाकांनी नेली, केबिनबाहेरच्या डब्यात लावली. त्यांना आता रोज फुलं दिसतात.